दोन हजारांत हेडफोन: आवाजाआधी विचारा, हा मोडणार कुठे?

हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत.

पुण्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. एमपीएससीची तयारी करतोय, सदाशिव पेठेत अभ्यासिका लावलीये. म्हणाला, "ताई, वर्षभरात तिसरा इअरफोन गेला. दर वेळी एकच बाजू बंद पडते. दिवसाला सहा-सात तास लेक्चर ऐकतो. चष्मा आहे, संध्याकाळी कान ठणकतात. घरून पैसे येतात, त्यामुळे दोन हजारांच्या वर जाता येणार नाही. असं काहीतरी सांगा की परीक्षेपर्यंत परत घ्यावं लागणार नाही."

मला या मेसेजमधली एक गोष्ट फार आवडली. त्यात बेस नाही, ट्रेबल नाही, 'थिएटरसारखा अनुभव' नाही. टिकला पाहिजे, कान दुखायला नकोत आणि दोन हजार. संपलं. आणि यूट्यूबवर 'दोन हजारांच्या आतले हेडफोन' असं शोधून बघा, व्हिडिओचा बराचसा वेळ बेसवरच जातो. रिव्ह्यू करणाऱ्याने तो हेडफोन चार दिवस वापरलेला असतो. चार दिवस काहीही टिकतं हो!

म्हणून मी प्रश्नच उलटा धरते. हेडफोन बघताना 'आवाज कसा आहे' हे दुसरं विचारा. पहिलं हे विचारा, की हा मोडणार कुठे? आणि तिथे मोडला तर तेवढाच भाग मला बदलता येईल का? मोडणार तर आहेच. रोज सहा तास वापरलेली, बॅगेत कोंबलेली, खुर्चीच्या चाकाखाली येणारी वस्तू आहे ती. प्रश्न एवढाच आहे की मोडल्यावर दीडशे रुपये जाणार की परत दोन हजार.

आता त्या दादाचा मुख्य त्रास घेऊ. एकच बाजू का जाते?

हेडफोनच्या आत जो छोटा स्पीकर असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो सहसा मरत नाही. मरते वायर. आणि वायर मधेच कुठेतरी नाही मरत, ती दोन ठिकाणी मरते. एक, पिनेच्या अगदी मागे, जिथे वायर कडक प्लास्टिकमधून बाहेर येते. दोन, कानाजवळ, जिथे ती आत शिरते. का? बाइंडिंगची तार हातात घेऊन एकाच जागी वीस-पंचवीस वेळा वाकवा, तुटते. तसंच. वायरीच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा असतात. फोन खिशात घालून आपण बसतो, उठतो, जिना चढतो, आणि दर वेळी ती वायर त्याच एका इंचात वाकते. एकेक तार तुटत जाते. शेवटची तुटली की एक बाजू गेली.

आणि तुटायच्या आधी ती सांगते बरं का. आधी खरखर येते. मग पिन एका विशिष्ट कोनात धरली की आवाज येतो, सोडली की जातो. आपण सगळ्यांनीच ती पिन अंगठ्याने दाबून, फोन वाकडा धरून एखादी वेब सिरीज संपवलेली आहे.

पण थांबा. नवा घेण्याआधी तीन गोष्टी तपासा, कारण कधी कधी गेलेलं काहीच नसतं. दुसरा कुणाचा तरी इअरफोन तुमच्या फोनला लावून बघा. त्यातही एक बाजू बंद असेल तर दोष फोनच्या भोकात आहे. जीन्सच्या खिशातला कापसासारखा कचरा तिथे साठतो, पिन पूर्ण आत बसत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने तो काढा, सुई किंवा टाचणी घालू नका. दुसरं, कानात घालायचा इअरफोन असेल आणि एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेला असेल, तर रबर काढून आतली जाळी उजेडात बघा. कानातला मळ. घाण वाटेल ऐकायला, पण 'एक बाजू गेली' म्हणणाऱ्या कितीतरी इअरफोनना खरं तर फक्त साफसफाई हवी असते. इअरफोन उलटा धरून, जाळी खाली करून, कोरड्या मऊ ब्रशने झटका. पाणी नको. आणि तिसरं, फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन डाव्या-उजव्या आवाजाचा स्लायडर मध्यावर आहे का बघा. तो हात लागून सरकतो.

तिथेच अजून एक बटण सापडेल, 'मोनो ऑडिओ'. हे चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्हीकडे जातो. एक बाजू खरंच मेलेली असेल आणि नवा घ्यायला पगार किंवा मनीऑर्डर यायची असेल, तर तोवर लेक्चरमधला एकही शब्द सुटत नाही.

बरं, वायरच गेली आहे असं ठरलं, तर? पिनेपाशी तुटली असेल तर ती बदलून मिळते. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, आणि तुमच्या गावात मोबाइल रिपेअरवाला असतोच. तो पिनेच्या वर दोन इंचांवर वायर कापतो, नवी पिन घेतो आणि डाग देतो. मला गेल्या वर्षी ऐंशी रुपये पडले होते. यात एक बारीक गोष्ट आहे. आतल्या तारा लाल, हिरव्या, निळ्या दिसतात ना, तो प्लास्टिकचा थर नसतो, लाखेसारखा मुलामा असतो. तो जाळून काढल्याशिवाय डाग बसतच नाही. घरी पहिल्यांदा सोल्डरिंग करणाऱ्यांचं काम इथेच फसतं. तार चिकटल्यासारखी वाटते आणि आवाज मात्र येत नाही.

पण वायर कानाजवळ तुटली असेल तर? तिथे दुरुस्ती कटकटीची. स्वस्त इअरफोनचं कवच चिकटवलेलं असतं, उघडताना फुटतं. म्हणूनच नवा घेताना माझी पहिली अट: वायर सुटी व्हायला हवी. डिटॅचेबल केबल. हे पूर्वी फक्त महागड्या, गाण्यांच्या स्टुडिओत वापरायच्या हेडफोनमध्ये असायचं. आता नाही. कानात घालायच्या प्रकारात केझेड, मूनड्रॉप वगैरे चिनी कंपन्यांनी ही सोय दोन हजारांच्या आसपास आणून ठेवलीये. मूनड्रॉपच्या 'चू'ची पहिली आवृत्ती होती, तिची वायर पक्की होती. 'चू २' मध्ये सुटी होते. ही बघा, अशी गोष्ट रिव्ह्यूमध्ये अर्ध्या वाक्यात येते, आणि टिकण्याच्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी आहे. वायर गेली, दोन पिनांची नवी वायर काही शे रुपयांत आणली, लावली. फक्त पिनेचं माप नीट बघायचं. बरेचदा ते ०.७८ एमएम असतं, पण सॉकेटचा आकार कंपनीनुसार बदलतो, म्हणून वायर मागवताना तुमचं मॉडेल त्या यादीत आहे का ते वाचा.

आता कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनकडे येऊ.

इथे वायरीच्या बरोबरीने जाणारी गोष्ट म्हणजे गादी. कुशन म्हणा. ती काळी, चामड्यासारखी दिसते, पण या किमतीत ते चामडं नसतं, कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतला दमटपणा आणि आपला घाम या थराला आतून तोडत नेतो. मग त्याचे पापुद्रे निघतात, आणि एक दिवस आरशात दिसतं की कानामागे काळे काळे कण चिकटलेत. मुंबई, कोकण, गोवा इकडे राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कपाटात न वापरता ठेवलेला हेडफोनसुद्धा दोन पावसाळ्यांत असा सोलला जातो. ही कंपनीची फसवणूक नाही, तो थरच तसा असतो.

सोनीचा एमडीआर-७५०६ नावाचा हेडफोन आहे. १९९१ पासून बाजारात आहे, रेडिओ आणि रेकॉर्डिंगच्या स्टुडिओंमध्ये जगभर दिसतो. आपल्या बजेटमधला नाही, फक्त उदाहरण म्हणून सांगते. त्याच्या गाद्याही सोलतात! तरी लोक तो वर्षानुवर्षं वापरतात, कारण गादी ओढली की निघते आणि नवी सहज मिळते. मजबूत म्हणून तो टिकलेला नाही, त्याचे भाग मिळतात म्हणून टिकलाय. कॉसचा पोर्टा प्रो घ्या, १९८४ चा. आजही जवळजवळ त्याच रूपात विकला जातो. कानावरचा फोम झिजला की नवा चढवायचा. शर्टाचं बटण लावावं तसं.

म्हणून दुकानात असाल तर विचारा, गादी निघते का? आणि हलक्या हाताने कड ओढून बघा. बहुतेकदा ती एका खाचेत अडकवलेली असते. निघत असेल तर त्या गोल किंवा लांबट आकाराचं माप मिलिमीटरमध्ये घेऊन ठेवा, त्या मापाच्या गाद्या ऑनलाइन मिळतात. बदलताना कापडी घेतली तर पापुद्र्यांचा प्रश्नच मिटतो आणि गरमही कमी होतं. बेस थोडा कमी होतो, बाहेरचा आवाज थोडा जास्त येतो. लेक्चर ऐकणाऱ्याला बेस घेऊन करायचंय काय!

डोक्यावरच्या पट्टीबद्दल जास्त बोलत नाही. सांध्याशी बघा. जिथे कप फिरतो किंवा दुमडतो, तिथे पातळ प्लास्टिक असेल तर ते तडकणार. दुमडणारा हेडफोन बॅगेत बरा बसतो, पण प्रत्येक सांधा म्हणजे मोडायची आणखी एक जागा. दुमडत नसेल तर तो गुण समजा. आणि काढताना दोन्ही हातांनी काढा. एका हाताने एक कप ओढून काढायची सवय असते, सगळा ताण दुसऱ्या सांध्यावर जातो.

मग बॅटरी.

ब्लूटूथ बड्स, नेकबँड, यांच्याबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर मेसेज करा. बड्सना मी भाड्याने घेतलेली वस्तू मानते. आत शेंगदाण्याएवढी लिथियम बॅटरी असते. अशी बॅटरी काहीशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद कमी होत जाते, हे रसायनशास्त्र आहे, त्याला ब्रँड अपवाद नाही. रोज सहा तास ऐकणाऱ्याचे बड्स रोज एकदा, कधी दोनदा चार्ज होणार. म्हणजे दोनेक वर्षांत ते तासाभरात मान टाकायला लागणार. आणि कवच चिकटवलेलं, त्यामुळे बॅटरी बदलणं या किमतीत जवळपास अशक्य. त्यात एक बड लोकलमधून उतरताना प्लॅटफॉर्मच्या फटीत गेला की जोडीच गेली. जिमला, पळायला, किंवा उभ्याने लोकलमध्ये, जिथे वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकते, तिथे बड्स सोयीचे आहेतच. पण एका जागी बसून सहा तास ऐकायचं असेल तर बॅटरीची गरजच काय?

घामाचा विषय निघालाच आहे तर, खोक्यावर 'आयपीएक्स४' लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे सहन करतो. पावसात भिजणं नाही, बादलीत पडणं नाही. 'आयपीएक्स७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि तो 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेली नाही. चार्जिंगची डबी मात्र बहुतेकदा यात धरलेली नसते.

"पण ताई, माझ्या फोनला ती गोल पिनच नाही." हो, आयफोनने २०१६ मध्ये काढली आणि मग हळूहळू बाकीच्यांनीही. यूएसबी-सीची छोटी कनेक्टर वायर मिळते, तिला दुसऱ्या टोकाला ३.५ एमएमचं भोक असतं. पण ती दोन प्रकारची असते. एकीत स्वतःची चिप असते, जी फोनमधल्या आकड्यांचा आवाज बनवते. तिला डॅक म्हणतात. दुसरी नुसती तार असते, आवाज फोननेच बनवून द्यायला लागतो, आणि बरेच फोन तो देत नाहीत. दुसरी स्वस्त असते आणि "चालत नाही" अशा तक्रारी तिच्याचबद्दल असतात. वर्णनात 'डॅक' शब्द शोधा. नसेल तर घेऊ नका.

आता कान दुखण्याकडे. दादाने सांगितलं चष्मा आहे. त्यामुळे एक प्रकार सरळ बाद. कानाच्या पाळीवर दाबून बसणारे छोटे गोल हेडफोन, ज्यांना ऑन-इअर म्हणतात. ते कान चष्म्याच्या काडीवर दाबतात. पहिला तास काही वाटत नाही, तिसऱ्या तासाला कानाची कड लाल होते. चष्मेवाल्यांनी एकतर कानाभोवती पूर्ण बसणारा, ओव्हर-इअर, घ्यावा किंवा कानात जाणारा.

ओव्हर-इअर घेताना तीन गोष्टी. आतल्या पोकळीत तुमचा अख्खा कान मावला पाहिजे, कुठेही कडेला टेकता कामा नये, आतल्या जाळीलाही नाही. स्वस्त हेडफोनमध्ये गादी उथळ असते आणि कानाचं टोक आत घासतं, त्याचं दुखणं उशिरा कळतं. वजन दोनशे-अडीचशे ग्रॅमच्या आत असू दे, खोक्यावर लिहिलेलं असतं. आणि दाब. नवा हेडफोन जरा घट्टच असतो. रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, डोक्यापेक्षा किंचितच रुंद, चढवून ठेवला की सैल होतो. एमपीएससीवाल्यांकडे जाड पुस्तकांची वानवा नसते! फार ताणू मात्र नका, विशेषतः पट्टी पूर्ण प्लास्टिकची असेल तर. तेही पहिल्या दिवशी नको. आधी डोक्यावर घालून ठेवायचाच की परत करायचा ते ठरवा.

गरम होतं, हे खरं. नागपुरात, जळगावात मे महिन्यात ओव्हर-इअर घालून पंख्याखाली बसणं म्हणजे कानांना टोपी घालण्यासारखं आहे. तिकडच्यांना मी कानात जाणाराच सांगेन. त्यात सगळा खेळ रबराच्या मापाचा. खोक्यात तीन मापं येतात आणि बहुतेक जण जे लावून येतं तेच वापरतात. दोन्ही कानांचं माप वेगळं असू शकतं, डावीकडे मध्यम आणि उजवीकडे लहान. बरोबर माप बसलं की इअरफोन दाबून धरावा लागत नाही आणि बाहेरचा आवाज एकदम कमी होतो. बसलंच नाही तर फोमचे टिप्स वेगळे मिळतात, ते कानात जाऊन फुगतात. लवकर खराब होतात पण त्रास कमी देतात. कान ओला असताना, आंघोळीनंतर लगेच, घालू नका. खाज सुटली, पाणी आलं, तर दोन दिवस सुट्टी द्या, आणि थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

इथे मी जरा गंभीर होते, कारण या सगळ्यात बदलून न मिळणारा एकच भाग आहे, आणि तो हेडफोनमध्ये नाही. तो आपल्या कानाच्या आत आहे. आतल्या कानात केसासारख्या पेशी असतात, त्यांच्यामुळे ऐकू येतं. माणसाच्या शरीरात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं गणित असं आहे: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. आवाज ९० झाला की तेच ४० तास ४ तासांवर येतात. १०० झाला की आठवड्याला २० मिनिटं. हो, आठवड्याला. आता आपल्या दादाचं बघा. रोज सहा-सात तास, आठवड्यातले सहा दिवस. चाळीस तास तर झालेच! म्हणजे तो ८० डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही, त्याची सगळी शिल्लक वेळेतच संपलीये. गाणी अर्धा तास ऐकणाऱ्यापेक्षा लेक्चर ऐकणाऱ्याने जास्त जपायला हवं, हे कुणी सांगतच नाही. आपल्याला वाटतं, अभ्यास आहे, अभ्यासाने काय होतंय.

आणि आवाज वाढतो कसा? लेक्चरचं रेकॉर्डिंग खराब, बाहेर रस्त्यावर हॉर्न, पंख्याचा घरघराट. त्यावर मात करायला आपण बटण वर दाबत जातो. म्हणून बाहेरचा आवाज अडवणं ही चैनीची गोष्ट नाही. नीट बसलेलं रबर किंवा कानाभोवती बंद बसलेली गादी, एवढ्यानेच फोनचा आवाज बराच खाली आणता येतो. महागड्या नॉइज कॅन्सलिंगची गरज या बजेटमध्ये धरू नका. खोक्यावर 'ईएनसी' लिहिलेलं असतं, ते कॉलवर तुमचा आवाज समोरच्याला साफ जावा म्हणून. तुमच्या कानाला त्याचा काही फायदा नाही. 'एएनसी' वेगळं. या दोन अक्षरांच्या फरकावर बरीच विक्री चालते.

फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावता येते, ती आज लावा. ६० टक्क्यांच्या वर न जाणं हा जागतिक आरोग्य संघटनेचाच सल्ला. हेडफोन काढल्यावर कानात शीळ वाजत असेल किंवा लोक लांबून बोलताहेत असं वाटत असेल, तर त्या दिवशी बस्स. तसं वारंवार झालं तर कान तपासून घ्या.

आता दादा, तुझं उत्तर. अभ्यासिका पुण्यात आहे, चष्मा आहे, सहा-सात तास आहेत. मी तुझ्या जागी असते तर बंद कपांचा ओव्हर-इअर घेतला असता, आणि असा घेतला असता ज्याच्या कपात ३.५ एमएमचं भोक आहे, म्हणजे दोन्हीकडे पिन असलेली साधी ऑक्स वायर लागेल. ही वायर कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. तुटली, नवी आणली. गंमत म्हणजे बऱ्याच ब्लूटूथ ओव्हर-इअरनाही असं भोक असतं. मग बॅटरी मेली तरी हेडफोन मरत नाही, वायर लावून चालू राहतो. फक्त घेण्याआधी एक खात्री कर: काही मॉडेल वायर लावूनही चालू केल्याशिवाय वाजत नाहीत. तसलं असेल तर बॅटरीबरोबर तेही जाणार. आणि वायरवर माइक बहुतेकदा चालत नाही, कॉल फोनवरून घ्यावे लागतील. वेबसाइटवर ओहमचा आकडा दिसला तर ३२ किंवा त्याच्या आसपासचा बघ. स्टुडिओसाठीचे अडीचशे ओहमचे हेडफोन फोनवर कुजबुजतात.

दोन हजारांतले पंधराशे-सोळाशे हेडफोनला घाल. उरलेले बाजूला ठेव. त्यातून एक जादा वायर आत्ताच घे, आणि वर्षभराने गाद्यांची जोडी. सगळे दोन हजार हेडफोनवर घालवून वायरीला पैसे नसणं, याला मी महाग खरेदी म्हणते.

पिनेमागची वायर जपायची असेल तर पिन काढताना पिनेलाच धरायचं, वायरीला नाही. फोनला वायर गुंडाळायची नाही. तळहाताएवढी सैल वेटोळी करायची आणि डब्यात टाकायची; जुना जेवणाचा प्लास्टिक डबा चालतो.

शेवटचं, घेतल्यावरचं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, बिल पीडीएफमध्ये स्वतःला मेल करा. छापील बिलाची शाई वॉरंटी संपायच्या आत उडते, हे थर्मल कागदाचं दुखणं. बदलून मिळायची मुदत सहसा आठवड्याभराची असते, आणि कानात घालायच्या वस्तू वापरल्यावर पैसे परत न देता फक्त बदलून देणारे विक्रेते बरेच असतात, ते आधी वाचा. त्या आठवड्यात हेडफोन कपाटात ठेवू नका, उलट छळा त्याला. एक पूर्ण दिवस चष्म्यासकट घाला. पिनेपाशी आणि कपापाशी वायर हलवून खरखर येते का ऐका. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे आहे ना बघा. एक कॉल करा. आवाज अगदी हळू ठेवून दोन्ही बाजू सारख्या ऐकू येतात का बघा, मोठ्या आवाजात हा फरक लपतो. दोष निघाला आणि विक्रेता टोलवाटोलवी करायला लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. बिल आणि तो व्हिडिओ हाताशी ठेवून फोन करा.

दादा, घेतलास की कळव कोणता घेतला, आणि गादी निघते का तेही. बाकीच्यांचे प्रश्न नेहमीच्या नंबरवर, व्हॉइस मेसेज एक मिनिटाच्या आत. भेटू पुढच्या भागात.